जुनी बंदूक चालवावी की नुसती जपावी?

वसई, प्रतिनिधी – वसई-विरार पट्ट्यात जुनी कौलारू घरे पाडून त्या जागी इमारती उभ्या राहण्याचे सत्र गेली अनेक वर्षे चालू आहे. घर रिकामे करताना माळ्यावरून तांब्या-पितळेची भांडी, जुनी दस्तऐवजांची पेटी, क्वचित आजोबा-पणजोबांची ठासणीची बंदूकही खाली उतरते. मग घरातल्या मंडळींत दोन तट पडतात. एकाचे म्हणणे, बंदूक आहे तर निदान दसऱ्याला एक बार काढून पाहू. दुसऱ्याचे म्हणणे, पूर्वजांची खूण आहे, पुसून भिंतीवर लावू. संग्राहकांच्या जगात हा वाद फार जुना आहे. आपल्याकडे मात्र त्याला कायद्याची, कोकणच्या हवेची आणि दीडशे-दोनशे वर्षांच्या लोखंडाची अशी तिहेरी बाजू आहे.

शस्त्राला न चालविताही मान असतो, हे वसईला निराळे सांगावयास नको. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावून वसईचा तट फोडला आणि पोर्तुगीजांनी किल्ला सोडला. त्या वेळच्या तहाने पराभूत शिबंदीला शस्त्रांसह, ताशे वाजवीत बाहेर पडण्याची मुभा मिळाली. त्या बंदुका त्या दिवशी एकही गोळी झाडणार नव्हत्या; तरी त्या खांद्यावर असण्यानसण्यात फरक होता.

बाळगणे वेगळे, चालविणे वेगळे

ब्रिटिश सरकारने १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला हत्यार बाळगण्यासाठी परवाना सक्तीचा केला. स्वातंत्र्यानंतर त्याची जागा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने घेतली. या अधिनियमात ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे, ही गोष्ट कोकणातल्या वाचकाला रुचावी. स्वसंरक्षण वा खेळासाठी किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक आणि पिकांच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक, असे त्यातील शब्द आहेत. रत्नागिरी, सिंधुदुर्गातील शेतकऱ्यांकडे रानडुकरे हाकण्यासाठी दिसणारे परवाने या तरतुदीतले. परवाना ज्या कारणासाठी मिळाला, त्याच कारणासाठी बंदूक वापरता येते. शेतीच्या परवान्यावर लग्नात बार काढणे त्यात बसत नाही.

याच अधिनियमाच्या कलम ४५ ने एक सूट दिली. कालबाह्य बनावटीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा मोडकळीस आलेले शस्त्र, जर दुरुस्त करून वा न करता बंदूक म्हणून वापरताच येणार नसेल, तर त्याला हा कायदा लागू नाही. यातील ‘दुरुस्त करूनही’ हे शब्द महत्त्वाचे. नुसता घोडा तुटलेला असणे पुरेसे नाही, कारण घोडा नवा बसविता येतो. या अटीमुळे परवान्याची कटकट नको म्हणणाऱ्यापुढे एकच मार्ग उरे : नळीला भोक पाडणे, तिच्यात लोखंडाची गुल्ली ठोकून वेल्डिंग करणे, कान बुजविणे. बंदूक निरुपद्रवी होते खरी. पण ती पुन्हा पूर्वीसारखी कधीच होत नाही. चालवून फुटलेली नळी आणि भोक पाडलेली नळी यांत अभ्यासकाच्या दृष्टीने फारसा फरक नाही.

केंद्रीय गृह मंत्रालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये शस्त्र नियमांत केलेल्या दुरुस्तीने हा पेच पुष्कळसा सुटला आहे. संग्राह्य जुन्या वस्तूंच्या गटात मोडणारी लहान शस्त्रे मिळविण्यास व जवळ ठेवण्यास भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही. मात्र ती वापरावयाची, बरोबर घेऊन फिरावयाची किंवा एका जागेहून दुसरीकडे न्यावयाची, तर रीतसर परवाना हवा. परवान्यावर त्या शस्त्राची नोंद नसेल तर त्यासाठी दारूगोळाही विकत मिळणार नाही. म्हणजे ‘चालवावी की जपावी’ या घरगुती वादाची रेषा नियमानेच आखून दिली आहे.

अर्थात, ‘आमची बंदूक जुनी आहे’ असे घरच्यांनी म्हटल्याने ती या गटात जात नाही. तिची बनावट आणि काळ शस्त्र परवाना शाखेकडून ठरवून घ्यावा लागतो. वसई-विरारमध्ये १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय कार्यरत असल्याने येथील रहिवाशाला परवान्यासाठी आयुक्तालयाकडे जावे लागते. पालघर जिल्ह्याच्या उर्वरित भागात ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. बंदूक पिशवीत घालून परवाना शाखेत ‘दाखवायला’ नेणे हा मात्र भाबडेपणा ठरेल, कारण नेण्यालाच परवाना लागतो. आधी लेखी अर्ज आणि छायाचित्रे द्यावीत.

बंदूक चालू स्थितीतील व परवान्याची असेल तर गोष्ट निराळी. परवानाधारकाचे निधन झाल्यावर, किंवा त्याने वयाची ७० वर्षे पूर्ण केल्यावर, अथवा ते शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर कायदेशीर वारसाच्या नावे परवाना मागता येतो. तोवर वडिलांची बंदूक तशीच कपाटात ठेवणे हा गुन्हा ठरू शकतो. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील परवान्याच्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली आणि वारसाहक्काने आलेले शस्त्रही त्या दोनांत धरले जाते. त्याच दुरुस्तीने आनंदोत्सवात निष्काळजीपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे.

लोखंडाचे म्हणणे

ठासणीच्या बंदुकीत दारू, बोळा व गोळी किंवा छरे नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासतात. तिची काळी दारू म्हणजे सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. ही दारू जळाल्यावर वजनाने निम्म्याहून अधिक भाग घन राखेच्या रूपात मागे राहतो. ती राख हवेतील ओलावा शोषून घेते आणि नळीला आतून खाऊ लागते. म्हणूनच जुन्या काळी बार काढल्यावर त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुऊन, कोरडी करून तेल देत. अर्नाळ्यापासून पाचूबंदरापर्यंतच्या खाऱ्या हवेत हे काम एक रात्र लांबले तरी नळीत तांबूस थर दिसू लागतो.

धोका केवळ गंजाचा नाही. एकोणिसाव्या शतकातील अनेक शिकारी बंदुकांच्या नळ्या लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून, एकमेकींना तापवून जोडून केलेल्या असत. वरून सुंदर लहरी दिसतात, पण जोडांच्या आत गंज शिरला तर तो बाहेरून दिसत नाही. नळीवर इंग्लंडमधील चाचणीची मोहर असली की घरच्यांना धीर येतो. लंडनच्या बंदूक-कारागिरांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली व बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ मध्ये स्थापन झाले. त्यांची मोहर इतकेच सांगते की, त्या दिवशी, त्या काळच्या दारूला ही नळी टिकली. त्यानंतरच्या शंभर पावसाळ्यांची जबाबदारी ती घेत नाही. त्यात काडतुसातील आधुनिक बिनधुराची दारू वापरण्याचा मोह झाला तर दाब नळीच्या ताकदीपलीकडे जातो आणि नळी हातातच फुटते.

या बाबतीत एडिंबरोच्या किल्ल्यातील ‘मॉन्स मेग’ या तोफेची कथा बोलकी आहे. १४४९ मध्ये घडविलेली ही सुमारे सहा टनांची तोफ बर्गंडीच्या ड्यूकने १४५७ मध्ये स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स याला भेट दिली. राजाला तोफांचे भारी वेड. १४६० मध्ये रॉक्सबरोच्या वेढ्यात दुसरीच एक तोफ फुटली आणि जवळ उभा असलेला राजा त्यात मेला. मॉन्स मेग पुढे दोन शतके टिकली. पण १६८१ मध्ये राजघराण्यातील एका ड्यूकच्या मानवंदनेसाठी तिचा बार काढला तेव्हा तिची नळी फुटली. लढाईत जे झाले नाही, ते सलामीने केले. आज ती त्याच किल्ल्यात मूक उभी आहे, आणि किल्ल्यावरून दुपारी एक वाजता होणारा प्रसिद्ध बार आधुनिक १०५ मिलिमीटर तोफेतून काढला जातो.

आपल्या देशानेही काहीसे असेच केले. प्रजासत्ताकदिनी २१ तोफांची सलामी देणाऱ्या ब्रिटिश बनावटीच्या २५ पौंडी तोफा २०२३ मध्ये निवृत्त झाल्या आणि भारतीय बनावटीच्या १०५ मिलिमीटर तोफांनी त्यांची जागा घेतली. मुंबईच्या राजभवनात २०१८ मध्ये सापडलेल्या प्रत्येकी २२ टनांच्या दोन तोफाही दर्शनीय जागी मांडण्यात आल्या. त्यांना बत्ती देण्याचा विचार कोणी केला नाही.

चालविण्याच्या बाजूने बोलणारे अगदीच अविचारी नव्हेत. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात कोडवा समाज ‘कैल पोद’ सणाला बंदुकांची पूजा करतो, नारळावर नेमबाजी होते, आणि घरातील जन्म-मृत्यूची वर्दीही बंदुकीच्या बाराने देण्याची तेथील रीत. या समाजाला परवान्यातून असलेली सूट केंद्राने २०१९ मध्ये आणखी दहा वर्षांसाठी वाढविली. युरोपात १९७१ पासून ठासणीच्या बंदुकांच्या नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना आहे आणि तिच्या स्पर्धांत अस्सल जुन्या बंदुका व त्यांच्या नव्या प्रतिकृती यांचे गट वेगळे असतात. दारू किती, बोळा किती घट्ट, गजाचा हात कसा, हे ज्ञान पुस्तकातून येत नाही, असे या नेमबाजांचे म्हणणे असते व ते खरे आहे. पण ते ज्ञान प्रतिकृतीवरही टिकते. शिवाय तेथे प्रत्येक नळी तपासलेली असते आणि मारणारा सराईत असतो; आपल्याकडे माळ्यावरची बंदूक उतरवून दिवाळीच्या फटाक्यांतील दारू भरणाऱ्याची तुलना त्यांच्याशी होऊ शकत नाही.

किमतीचा मुद्दाही काढला जातो. न वापरलेल्या, मूळ पेटीसह जपलेल्या शस्त्राला बाजार अधिक दाम देतो, हे सामान्यतः खरे. अमेरिकेत १८४७ च्या कोल्ट वॉकर पिस्तुलाचा उत्तम राखलेला, पेटीसह असलेला एक नमुना २०१८ मध्ये १८ लाख ४० हजार डॉलरना गेला. मात्र २०२१ मध्ये ६० लाख डॉलरहून अधिक किंमत आली ती १८८१ मध्ये ‘बिली द किड’ या दरोडेखोराला ज्या पिस्तुलाने मारले त्याला. म्हणजे कोरेपणापेक्षा इतिहास महाग. पण तो इतिहास त्या काळी झाडलेल्या गोळीचा, आज गंमत म्हणून काढलेल्या बाराचा नव्हे. वसईकराने या आकड्यांनी हुरळून जाऊ नये. शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू देशाबाहेर विकण्यास १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने खासगी व्यक्तीला बंदीच आहे.

घरी काय करावे

पहिली गोष्ट, जुनी ठासणीची बंदूक भरलेलीच आहे असे समजावे. काळी दारू कोरडी राहिली तर तिचा गुण शतकभरही जात नाही. अमेरिकेतील व्हर्जिनियात २००८ मध्ये तेथील यादवी युद्धातील, म्हणजे सुमारे १४० वर्षांपूर्वीचा तोफगोळा साफ करताना फुटून एक अनुभवी संग्राहक ठार झाला. माळ्यावरची बंदूक हाती आल्यास चाप ओढून पाहू नये, गज आत घालून खरवडू नये, विस्तवाजवळ नेऊ नये. पोलीस ठाण्याला कळवून परवानाधारक कारागिराकडून ती रिकामी असल्याची खात्री करून घ्यावी.

खात्री झाल्यावर जपण्याचे काम साधे, पण नेमाचे आहे. उघड्या हाताने धरू नये, घामातील क्षाराने बोटांचे ठसे लोखंडावर उमटतात. काचकागदाने घासून चकचकीत करू नये; जुन्या पृष्ठभागाबरोबर कारागिराच्या खुणाही जातात. खोबरेल वा गोडेतेल कालांतराने खवट व चिकट होते, म्हणून पातळ खनिज तेलाचा हलका हात द्यावा. चामड्याच्या खोळीत ठेवू नये, ती ओल धरते. नळी वर करून उभी ठेवल्यास तेल झिरपून लाकडी दस्ता कुजतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दर पंधरवड्याला पाहणी हवी. खंडेनवमीला शस्त्रपूजनात ती पाटावर मांडावी. हळदकुंकू मात्र लोखंडावर न वाहता समोर ठेवावे आणि फुलांचे पाणी नळीवर पडू देऊ नये.

पाया खणताना जमिनीतून शस्त्र वा तोफगोळा निघाला तर तो घरचा वारसा नव्हे. दहा रुपयांहून अधिक मोलाची जमिनीत दडलेली वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने आजही बंधनकारक आहे. वसईचा किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असल्याने तेथून काही उचलून आणण्याचा प्रश्नच येत नाही.

सांभाळणे झेपत नसेल त्यांनी बंदूक भंगारात देऊ नये की तिला भोक पाडू नये. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय किंवा मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय यांच्या संग्रहांत शस्त्रांना स्थान आहे. अशा संस्थेशी आधी पत्रव्यवहार करावा. बंदुकीसोबत तिची कागदपत्रेही द्यावीत : जुना परवाना, दारू खरेदीच्या नोंदी, आजोबांचे तिच्यासह काढलेले छायाचित्र, घरातल्या वृद्धांना आठवते ते लिहून काढलेला एक कागद. बंदूक कोणाची, कोणत्या वाडीतली आणि कशासाठी घेतलेली, हे सांगणारे माणूस गेले की नळीवरच्या मोहरेतून तेवढे कळत नाही.