ऐतिहासिक व्यक्तींचे स्वमग्नताविषयक निदान

ऐतिहासिक व्यक्तींचे स्वमग्नताविषयक निदान म्हणजे हयात नसलेली एखादी व्यक्ती स्वमग्न, अर्थात ऑटिस्टिक, होती असा तर्क तिची चरित्रे, पत्रे, आठवणी व समकालीनांचे उल्लेख यांच्या आधारे मांडणे होय. याला पश्चात् निदान असेही म्हणतात. आयझॅक न्यूटन, हेन्री कॅव्हेंडिश, आल्बर्ट आइन्स्टाइन, लुडविग विटगेनश्टाइन आणि भारतीय गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांची नावे या चर्चेत वारंवार येतात. यांपैकी कोणाचीही हयातीत स्वमग्नतेसाठी तपासणी झालेली नव्हती. त्यामुळे अशी विधाने तर्काच्या स्वरूपाची असतात. त्यांना वैद्यकीय निष्कर्षाचा दर्जा नाही.

पार्श्वभूमी

स्वमग्नता ही मेंदूच्या विकासाशी निगडित, बालपणापासून असणारी अवस्था आहे. सामाजिक देवाणघेवाण व संवाद यांतील वेगळेपण, ठरावीक कृतींची पुनरावृत्ती, मर्यादित पण उत्कट आवडी आणि आवाज, स्पर्श, प्रकाश इत्यादींबाबतची कमीअधिक संवेदनशीलता ही तिची मुख्य लक्षणे होत. 'ऑटिझम' हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी छिन्नमनस्कतेच्या संदर्भात वापरला. आजच्या अर्थाला जवळची वर्णने त्यानंतरची आहेत : ग्रुन्या सुखारेवा (मॉस्को, १९२५), लिओ कॅनर (बाल्टिमोर, १९४३, ११ मुले) आणि हान्स अॅस्परगर (व्हिएन्ना, १९४४). अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत स्वमग्नतेला १९८० साली स्वतंत्र स्थान मिळाले. १९८१ साली ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांनी अॅस्परगर यांचे काम इंग्रजी वाचकांपुढे आणले. बोलणे व बुद्धी उत्तम असलेली व्यक्तीही स्वमग्न असू शकते, ही जाणीव त्यानंतर पसरली आणि इतिहासातील नामवंतांकडे या दृष्टीने पाहण्यास सुरुवात झाली. २०१३ पासून उपरोक्त निदानपुस्तिकेत अॅस्परगर लक्षणसमूह हे वेगळे निदान उरलेले नाही. ते स्वमग्नतेच्या व्यापक वर्णपटात सामावले गेले. नाझी राजवटीत अपंग मुलांच्या हत्येसाठी वापरल्या गेलेल्या संस्थेकडे अॅस्परगर यांनी मुले पाठविल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. त्यामुळे हे नाव वापरणे अनेक जण टाळतात.

प्रमुख उदाहरणे

हेन्री कॅव्हेंडिश (१७३१–१८१०) : हायड्रोजनचे गुणधर्म सांगणारे आणि पृथ्वीची घनता मोजणारे हे इंग्लिश शास्त्रज्ञ अत्यंत एकांतप्रिय होते. घरातील मोलकरणींशी ते चिठ्ठीद्वारे व्यवहार करीत. अनोळखी माणसाने बोलणे काढताच ते तेथून निघून जात. मज्जाविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांनी २००१ साली लिहिलेल्या टिपणात न्यूटन, आइन्स्टाइन व विटगेनश्टाइन यांच्याविषयीचा पुरावा तोकडा ठरविला, मात्र कॅव्हेंडिश यांच्याविषयीचा पुरावा भक्कम मानला.

न्यूटन व आइन्स्टाइन : मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन आणि गणितज्ञ आयोन जेम्स यांनी २००३ साली या दोघांविषयी असा तर्क मांडला. आइन्स्टाइन उशिरा बोलू लागले, लहानपणी एकटे राहत, हे त्यासाठी दाखविले जाते. त्यांची विनोदबुद्धी, दीर्घकाळ टिकलेल्या मैत्री आणि सार्वजनिक प्रश्नांवरील सक्रियता टीकाकार याच्या विरोधात दाखवितात.

श्रीनिवास रामानुजन (१८८७–१९२०) : आयरिश मनोविकारतज्ज्ञ मायकल फिट्झगेराल्ड यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या स्वमग्नता व सर्जनशीलताविषयक ग्रंथात रामानुजन यांचा समावेश केला. भारतीय व्यक्तीविषयीचे हे सर्वांत परिचित उदाहरण आहे. वयाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत ते फारसे बोलत नसत, इतर विषयांत नापास होण्याइतके ते गणितात गढून जात, केंब्रिजमध्ये ते एकाकी राहिले, हे तपशील चरित्रकारांनी नोंदविलेले आहेत. तथापि, या एकाकीपणाला दुसरी कारणेही होती. ते कट्टर शाकाहारी असल्याने महाविद्यालयाच्या भोजनगृहात जेवत नसत. स्वतःच्या खोलीत स्वयंपाक करीत. इंग्लंडमधील त्यांच्या वास्तव्याचा बहुतेक काळ पहिल्या महायुद्धात गेला. थंडी व आजारपण यांनीही त्यांना ग्रासले होते.

एकाच घटनेचे दोन अर्थ कसे लागतात याचे उदाहरणही त्यांच्या चरित्रात आहे. केंब्रिजमध्ये त्यांनी स्वतः रांधून काही भारतीय स्नेह्यांना जेवू घातले. पाहुण्यांनी आणखी वाढून घेण्यास नकार दिला, तेव्हा ते कोणालाही न सांगता निघून गेले आणि काही दिवस परतले नाहीत. हे वर्तन सामाजिक संकेत न कळण्याचे लक्षण म्हणून वाचता येते. परंतु पंगतीत आग्रह करण्याची व यजमानाचा मान राखण्याची रीत ज्यांना परिचित आहे, त्यांना त्यात दुखावलेला यजमान दिसेल.

रामानुजन यांच्या शारीरिक आजाराबाबतही असेच घडले आहे. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनी क्षयाचे निदान केले होते. १९९४ साली डी. ए. बी. यंग यांनी कागदपत्रांच्या आधारे यकृताच्या अमीबाजन्य रोगाचा पर्याय मांडला. डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासलेल्या आजाराबाबत जर एकमत नाही, तर कधीच न तपासलेल्या मनोव्यापाराबाबतचे विधान अधिक सावधपणे करावे लागते.

ह्यू ब्लेअर खटला

पश्चात् निदानाच्या ज्या उदाहरणाला अभ्यासक सर्वाधिक विश्वसनीय मानतात, ते कोणा प्रतिभावंताचे नाही. स्कॉटलंडमधील बोर्ग येथील जमीनदार ह्यू ब्लेअर यांचा विवाह मानसिक अक्षमतेच्या कारणावरून रद्द करावा, यासाठी त्यांच्या धाकट्या भावाने दाद मागितली. १७४७ साली एडिंबरा येथील न्यायालयात त्याची सुनावणी झाली. शेजारी, नोकर, शिक्षक, धर्मोपदेशक अशा अनेकांच्या साक्षी झाल्या. ब्लेअर पिसे व काटक्या गोळा करीत, ठिगळे लावलेले तेच कपडे घालीत, न बोलावता अंत्ययात्रांना जात आणि विचारलेला शब्दच उत्तरादाखल परत उच्चारीत, असे त्यांतून दिसते. न्यायालयाने विवाह रद्द केला. इतिहासकार रॅब ह्यूस्टन व मानसशास्त्रज्ञ उटा फ्रिथ यांनी या साक्षींचा अभ्यास करून २००० साली ग्रंथ लिहिला. येथे पुरावा शपथेवर, अनेक तोंडांनी आणि बालपणापासूनचा मिळतो. नामवंतांच्या बाबतीत बहुधा किस्से मिळतात आणि किस्सा हा विक्षिप्त तेवढेच जपतो.

मराठी साधने

जुन्या रशियातील 'ईश्वरी वेडे' म्हणून पूजिल्या गेलेल्या साधूंपैकी काही स्वमग्न असावेत, असे नटालिया चॅलिस व होरेस ड्यूई यांनी १९७४ साली सुचविले. पुढे फ्रिथ यांनीही त्याची चर्चा केली. मराठीत या संदर्भात आठवण होते ती म्हाइंभटाने संकलित केलेल्या गोविंदप्रभूंच्या चरित्राची. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू, अर्थात गुंडम राऊळ, हे तेराव्या शतकात आजच्या अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर येथे राहिले. हे चरित्र आरंभीच्या मराठी गद्यातील महत्त्वाचा ग्रंथ असून अॅन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९८४ साली प्रसिद्ध झाला. गोविंदप्रभूंचे स्वतःशी बोलणे, हसणे, मुलांसारखे खेळणे, जातीचे निर्बंध न मानता कोणाच्याही घरी जाणे, खाण्यापिण्याचे हट्ट हे सारे त्यात बारकाईने नोंदलेले आहे. गावकरी त्यांना वेडे म्हणत आणि तेच गावकरी त्यांना आईबाप मानून संकटात हाक मारीत.

महानुभाव पंथ गोविंदप्रभूंना पंचकृष्णांपैकी एक मानतो आणि त्यांच्या वर्तनाकडे ईश्वरी लीळा म्हणून पाहतो. चरित्र त्यांच्या निर्वाणानंतर, भक्तांच्या आठवणींतून सिद्ध झालेले आहे. स्मरणाची निवड श्रद्धेने केलेली असल्यामुळे त्यावरून वैद्यकीय निदान काढणे ग्रंथाच्या हेतूशी विसंगत ठरते. मात्र वेगळ्या वर्तनाच्या माणसाला गाव कसे सांभाळून घेई, त्याची टवाळी कशी करी व त्याला मान कसा देई, याचे ते अमोल साधन आहे. वेडा, पिसा, अवलिया, छांदिष्ट, एकलकोंडा, तऱ्हेवाईक हे मराठी शब्द समाजाचा अनुभव सांगतात; त्यांतील कोणताही शब्द 'स्वमग्न' या संज्ञेचा पर्याय नाही.

एखाद्या विषयाचा ध्यास हाही एकट्याने पुरेसा निकष ठरत नाही. देवळाली येथे १९६२ पर्यंत शाळेत शिकविणारे गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी संख्यांच्या छंदात आयुष्य वेचले. ६१७४ हा अंक त्यांच्या नावाने ओळखला जातो. केवळ अशा ध्यासावरून निदान करायचे, तर व्यासंग आणि स्वमग्नता यांत भेदच उरणार नाही.

आक्षेप व समर्थन

स्वमग्नतेच्या निदानासाठी बालपणीच्या विकासाचा इतिहास आणि प्रत्यक्ष निरीक्षण लागते. मृत व्यक्तीच्या बाबतीत दुसरे अशक्य व पहिला अपुरा असतो. ठरविलेल्या निष्कर्षाला जुळणारे प्रसंग निवडणे, एकांत वा लाजाळूपणा यांना लक्षण मानणे आणि परक्या काळाचे शिष्टाचार आजच्या मापाने मोजणे हे प्रमुख दोष दाखविले जातात. मृत व्यक्ती स्वतःची बाजू मांडू शकत नाही, हा नैतिक आक्षेपही आहे. हयात सार्वजनिक व्यक्तींविषयी न तपासता व्यावसायिक मत देऊ नये, असा नियम अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली केला आहे.

समर्थकांच्या मते अशा माणसांचे इतिहासातील अस्तित्व दाखविल्याने कलंकाची भावना कमी होते व स्वमग्न मुलांना आदर्श लाभतात. यावर प्रत्युत्तर असे की, टेंपल ग्रँडिन यांच्यासारख्या, स्वतःचे निदान जाहीरपणे सांगणाऱ्या व्यक्ती उपलब्ध असताना तर्काची गरज नाही.

हयात व्यक्तींच्या दृष्टीने महत्त्व

हयात व्यक्तीसाठी निदान हे हक्काचे साधन असते. भारतात १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारच्या अपंगत्वांत ती आली. मूल्यमापनासाठी वापरल्या जाणाऱ्या भारतीय मापनश्रेणीत ४० मुद्दे असून ते पालकांशी बोलून व मुलाचे निरीक्षण करून भरले जातात. त्यावरून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर शिक्षणातील सवलती व साहाय्य अवलंबून असते.

प्रतिभावंतांच्या याद्यांमुळे स्वमग्न मुलामध्ये असामान्य बुद्धी असलीच पाहिजे, असा समज रूढ होण्याचा धोका आहे. बहुसंख्य स्वमग्न व्यक्तींकडे असे अलौकिक कौशल्य नसते. अनेकांना बोलण्यासाठी व दैनंदिन व्यवहारासाठी आयुष्यभर आधार लागतो. कॅनर यांच्या अहवालातील पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट (१९३३–२०२३) मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या आपल्या लहानशा गावी बँकेत नोकरी करीत, मोटार चालवीत व गोल्फ खेळत राहिला. त्याचे निदान तर्काने झालेले नव्हते आणि गावाने त्याला स्वीकारावे यासाठी त्याला न्यूटन व्हावे लागले नाही.