कुंडल रोडची किर्लोस्करवाडी

पुणे-मिरज लोहमार्गावरील स्थानकांची नावे वर्गात वाचली, की एखादा चौकस विद्यार्थी विचारतोच : 'सातारा रोड' म्हणजे काय? गाव स्थानकापासून लांब असले, की रेल्वेवाले गावाच्या नावापुढे 'रोड' जोडीत. इंजिनाला तीव्र चढ झेपत नाही. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वेचा मार्ग टाकताना पुष्कळ गावे बाजूला राहिली. साताऱ्याचे तसे झाले, कुंडलचेही. म्हणून ते स्थानक कुंडल रोड.

बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा यांचा लोखंडी नांगरांचा कारखाना होता. नगरपालिकेने जागा सोडण्यास सांगितले तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज देऊ केले. जमीन कसली, निवडुंगाचे माळरानच ते, सापांनी भरलेले. तरीही १९१० च्या मार्चमध्ये तेथे वसाहतीला सुरुवात झाली.

असा माळ कोणी का पत्करावा? राजाश्रय हे एक कारण झालेच, पण दुसरे कारण आपल्याला वजनात सापडते. नांगर ओतायचा तर बीड हवे, ते वितळवायला कोक हवा. दोन्ही शेकडो मैलांवरून यायचे. तयार झालेले जड नांगर पुन्हा गावोगावी धाडायचे. बैलगाडीत फार तर टनभर माल मावतो, आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेवर तीही रुतते. अशा धंद्याला शहराच्या शेजारापेक्षा मालधक्क्याचा शेजार मोलाचा. मात्र रूळ मीटरगेज होते आणि पुण्यापुढे मुंबईकडे जाणारे ब्रॉडगेज. रुळांमधील अंतर एकीकडे १ मीटर, दुसरीकडे १.६७६ मीटर, त्यामुळे डबा पुढे जात नसे, माल उतरवून पुन्हा भरावा लागे. ही कटकट १९७१ च्या सुमारास मार्ग रुंद झाल्यावरच संपली.

याच मार्गावर कराड स्थानकालगत १९१६ साली ओगले बंधूंचा काच कारखाना निघाला; त्यांचे प्रभाकर कंदील घरोघरी पोचले. धनजीशा कूपर यांच्या कारखान्यामुळे सातारा रोडलाही लोखंडी अवजारे व इंजिने बनू लागली. तिन्ही ठिकाणी आधी स्थानक, मग कारखाना. पुढे नावांचीही अदलाबदल झाली : कुंडल रोडचे किर्लोस्करवाडी झाले, कराड स्थानकाच्या परिसराला लोक ओगलेवाडी म्हणू लागले. १९१९ साली टाटांच्या पोलादनगरीजवळील कालीमाटी स्थानक टाटानगर झाले, तशातलाच हा प्रकार.

या स्थानकाने फक्त लोखंडच वाहिले नाही. १९२० साली येथे 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघाले. नांगर घेणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत पोचणारी आगगाडी वाचकापर्यंतही पोचत होती. माळावरून निघालेले मासिक महाराष्ट्रभर वाचले जावे, याचे आम्हाला अजूनही कौतुक वाटते.

एक गोष्ट मात्र सहज नजरेतून सुटते. येथील पुष्कळसे कामगार वसाहतीतच राहत, पायी कामावर जात. रूळ मुख्यतः मालासाठी होते. याच्या नेमके उलट चित्र पुण्याजवळ हिंजवडीला दिसते. संगणक उद्योगाचा माल तारेतून जातो, त्याला वजन नाही. त्यामुळे १९९० च्या दशकाच्या अखेरीस रेल्वेपासून दूर, शेतजमिनीवर तंत्रज्ञाननगरी वसू शकली. पण माणसाला वजन असतेच! रोज हजारो माणसे शहरातून तेथे न्यायची म्हटल्यावर रस्ते तुंबले, आणि डिसेंबर २०१८ मध्ये हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रोची पायाभरणी करावी लागली. तिला मालधक्का नाही. किर्लोस्करवाडीला आधी रूळ आले, मग उद्योग. येथे उद्योग आधी आला आणि रुळांची पायाभरणी सुमारे वीस वर्षांनी झाली.

आपल्या शाळेजवळ एखादे जुने स्थानक असेल तर मालधक्क्याची जागा विद्यार्थ्यांना जरूर दाखवावी. तेथे काय उतरत असे आणि काय चढत असे, हे गावातील वृद्ध हमालांना विचारता येईल. धक्क्याच्या फरशीवर कोळशाचे किंवा लोखंडाच्या गंजाचे डाग अजून मिळतात का, तेही पाहावे.