पाणी चढायच्या आधीचा फाल्गुन

शेवगावहून पैठणला निघालात की घोटण मागे पडल्यावर डाव्या अंगाला नाथसागराचं पाणी दिसायला लागतं. गाडी कडेला घ्या. पक्ष्यांचे फोटो नंतर काढता येतील. आधी हे पाणी उतरवायला घेऊ. सुमारे १०२ टीएमसीचं जायकवाडी धरण आहे, घाई करून चालणार नाही.

पाणी मागे सरेल तसा गाळ उघडा पडेल, मग बाभळींची खोडं, विहिरींची तोंडं, जोत्यांचे दगड. २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी केलेलं उद्घाटन पुसलं जाईल, सत्तावीस दरवाजे निघतील, दहा किलोमीटरची मातीची भिंत पाटी-पाटीनं परत जाईल. बहात्तरचा दुष्काळही मागे पडेल. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी बसवलेली कोनशिला उचलली गेली की आणखी सात महिने मागे या आणि थांबा. मार्च १९६५, होळीच्या अलीकडचा आठवडा. शेवगाव तालुक्यातलं, नदीच्या दक्षिण काठावरचं एक गाव. इथे गोदावरीला गंगा म्हणतात आणि तिच्या काठाला गंगथडी. गावाचं नाव विचारू नका. तेच नाव आज वर माळावर वसवलेल्या दुसऱ्या गावाला दिलेलं आहे.

तुमचं वय अकरा. इथे तुम्हाला कुणी अहो-जाहो करणार नाही.

"ऊठ रं, दहिवर हाये तव्हर पेंढ्या बांधून व्हायला पाह्यजेत."

आजोबांचा आवाज. पहाटेचे चार वाजले असतील. अंगावरची घोंगडी सोडवत नाही, कारण फाल्गुन असला तरी नदीकाठची पहाट अजून चांगलीच गार आहे. दुपारी जमीन तापते आणि पहाटे दात वाजतात. तुम्ही घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेता आणि बैलगाडीत मागे बसता. शेतात मालदांडी ज्वारी उपटून आडवी पडलेली आहे. ताटं दहिवरानं मऊ झाली आहेत. आत्ताच कणसं मोडायची, आत्ताच कडबा बांधायचा. ऊन चढलं की पाला कडक होतो, हात लावला की झडतो. मग जनावरांना नुसती चिपाडं उरतात. म्हणून ही सगळी लगबग अंधारात. बायका ओळीनं बसून कणसं मोडत पुढे सरकतात, मागून पुरुष पेंढ्या आवळतात, आणि तुमच्यासारखी पोरं पाच-पाच पेंढ्यांचे पाचुंदे उभे करतात. पाल्याच्या कडेनं मनगटावर बारीक चरे उठतात. घाम लागला की ते चरचरतात, पण ते कुणाला सांगायची सोय नाही. सगळ्यांनाच उठलेत.

ओळीत नीट पाहा. चुलती ओळखीची, आई ओळखीची. बाकीच्या सात-आठ बाया तुमच्या घरच्या नाहीत. त्यांना आज मजुरीही द्यायची नाही. हे सावडीचं काम. आज त्या तुमच्या रानात, परवा आई आणि चुलती त्यांच्या रानात. कुणाच्या घरून कोण किती दिवस आलं, हे कुठे लिहिलेलं नसतं. आजीला विचारा, ती तीन सुग्यांचा हिशेब तोंडपाठ सांगेल.

थंड मुलखांत वसंत म्हणजे वर्षाची सुरुवात. बर्फ वितळला की तिकडे नांगर बाहेर पडतो. गंगथडीत वसंत म्हणजे वर्षाचा निकाल. जे काय पिकलं ते याच पंधरा-वीस दिवसांत डोळ्यांसमोर येतं, आणि ते घरात येईपर्यंत कुणी घरात थांबत नाही.

खळं गावाच्या अलीकडे आहे. आठवड्यापूर्वी जमीन शिंपून, चोपून, शेणानं सारवून घेतली, तेव्हा तुम्हीच पाण्याच्या घागरी वाहिल्या होत्या. मधोमध तिवड्याचा खांब. त्याभोवती कणसांचा थर आणि त्यावर बैलांची पात फिरते आहे. बैलांच्या तोंडाला मुसक्या. तुमचं काम पातीमागे चालायचं, बैलानं शेपूट उचललं की पाटी पुढे करायची आणि शेण वरच्यावर झेलायचं. हसू नका. धान्यात शेण पडलं तर बोलणी बसतात, आणि या कामाला घरात तुमच्याइतकं चपळ कुणी नाही. दोन तास गोल फिरून डोकं गरगरतं. चुलते म्हणतात, "बैलाकडं बघू नको, समोरच्या झाडाकडं बघ." झाडही फिरत असतं.

दुपारनंतर वारं सुटतं. वाऱ्याची वाट पाहत तासभर सगळे नुसते बसलेले असतात, आणि एवढीच काय ती दिवसाची विश्रांती. वारं आलं की वडील तीन पायांच्या उंच घोडीवर चढतात, खालून पाटी भरून देणारा वेगळा, आणि उफणणी सुरू होते. पाटी कलती धरून एका लयीत हलवायची, दाणे सरळ पायाशी, भुसा पलीकडे. हात थोडा घाईत आला तर भुशाबरोबर दाणाही उडतो. संध्याकाळपर्यंत पांढरी, मोत्यासारखी रास पडते. राशीपाशी वहाणा घालून जायचं नाही. दशमान वजनं सरकारनं आणून काही वर्षं झाली, पण राशीवर अजून पायलीच चालते. आजोबा पहिलं माप उचलतात आणि 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मग दोन, तीन. मोजत असताना मध्येच कुणी त्यांना हाक मारली तर माप पुन्हा पहिल्यापासून, म्हणून सगळं खळं गप्प बसलेलं असतं.

आता खळ्याच्या कडेला बघा. सुतार, लोहार, न्हावी, कुंभार, परीट आलेले आहेत. वर्षभर त्यांनी तिफण भरली, फाळ शेवटला, डोकी केली. त्याचं बलुतं आज. ते राशीजवळ बसतात, पान खातात, आजोबांशी घासाघीस करतात. त्यांच्याही पलीकडे, सारवलेल्या जमिनीच्या बाहेर एक म्हातारा उभा आहे. आजोबा तुमच्या हातात सूप देतात आणि म्हणतात, "वरनं ओत." त्यानं पदरासारखं धोतर पसरलेलं असतं. महार वतन १९५८ च्या कायद्यानं संपवलं आहे. त्याच्या मुलांनी खळ्यावर यायचं सोडलं आहे, म्हातारा अजून येतो. तुम्ही अकरा वर्षांचे आहात आणि सूप वरूनच ओतता. जुन्या गावगाड्याच्या आठवणी काढताना हे खळ्याच्या बाहेरचं उभं राहणं बहुतेकांच्या लिहिण्यातून गळतं. सावडीत कोण होतं हे जसं सांगायचं, तसं कुणाला सावडीत धरलंच नव्हतं हेही सांगायला हवं.

गावात माळवदावर वेगळीच सुगी चालू आहे. घरं धाब्याची, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाच्या आधी तिथे नवी माती टाकायची असते, पण अजून वेळ आहे. सध्या माळवद कुरडयांचं. गहू तीन दिवस भिजत होता, रोज पाणी बदलायचं काम आजीचं. मग तो वाटून, गाळून चीक निघाला. परड्यात मोठ्या पातेल्याखाली तुरीच्या काड्या पेटल्या आहेत आणि आई लाकडी दांड्यानं चीक हाटते आहे. थांबली की गाठी होतात, म्हणून घोटायला शेजारच्या दोघी आळीपाळीनं येतात. उद्या त्यांच्या घरी चीक, तेव्हा आई जाईल. वाफ पांढरी आणि किंचित आंबूस. शिजला की पहिली वाटी पोरांना, वर तेलाची धार. जीभ भाजते, तरी दम निघत नाही. मग सोऱ्या घेऊन सगळ्या शिडीनं वर चढतात आणि जुन्या धोतरावर गोल गोल कुरडया पडायला लागतात. तुम्हाला काठी देऊन कावळ्यांवर बसवलं जातं. ओली कुरडई खाल्ल्याचा आळ कावळ्यावर घालता येतो, हे तुम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

संध्याकाळी पाणी. नदी फाल्गुनात बारीक होऊन पलीकडच्या कडेला गेलेली असते. अलीकडे नुसतं वाळवंट, त्यात भोयांच्या टरबुजाच्या वाड्या. प्यायचं पाणी वाहत्या धारेचं नाही, वाळूतल्या झिऱ्याचं. हातानं वाळू उकरून खड्डा करायचा, पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं आणि मग करवंटीनं निवळ पाणी हळूहळू हंड्यात भरायचं. एक हंडा भरायला बराच वेळ लागतो. गावातल्या अर्ध्या सोयरिकी या झिऱ्यांवर ठरतात, असं चुलती म्हणते.

होळी होते. पोरांच्या गळ्यात साखरेचे हार, मनगटात साखरेचे कडे. त्यानंतर रस्त्याला दोन्ही बाजूंनी माणसं दिसायला लागतात. फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला नाथषष्ठी, त्यासाठी दिंड्या नदीकडे निघालेल्या. दुसरीकडे मढीला कानिफनाथांची यात्रा, होळीपासून पाडव्यापर्यंत चालणारी. तिथे गाढवांचा बाजार भरतो, म्हणून गाढवांचे तांडे दक्षिणेकडे निघालेले. तुमच्या घरून पैठणला कोण जाणार यावर दोन रात्री वाद होतो, कारण खळं अजून उरकलेलं नाही. शेवटी आजी जाते. तिच्या जागेवर चिकाला, कण्यांना, वासरांना बघायला शेजारच्या घरची म्हातारी येते. पुढच्या वर्षी ती जाईल आणि आजी राहील. अमावास्येच्या सुमाराला पैठणहून गंगेचं पाणी घेतलेल्या कावडी मढीकडे जातात. खांद्यावरची कावड भुईला टेकवायची नाही म्हणून गावातली माणसं पुढे होऊन खांदा देतात.

पाडव्याला सालगड्याचं साल संपतं. दारात गुढी उभी असते आणि ओट्यावर वडील आणि सालगडी हिशेबाला बसतात. इतकी ज्वारी, इतके रुपये, एक धोतर, एक घोंगडी. मध्ये घेतलेली उचल वजा जाते आणि हातात फारसं काही उरत नाही. तो पुढच्या सालाला राहतो म्हणतो. त्याच दुपारी कुणीतरी शेवगावच्या बाजारातून बातमी आणतं की पैठणला धरण होणार, हे नक्की झालंय. आधी ते खाली बीड जिल्ह्यात जायकवाडीला होणार होतं, आता वर सरकलं, नाव मात्र तेच. आजोबांना ते पटत नाही. "गंगा कोण आडवतंय?" असं म्हणून ते कडब्याची गंज बघायला उठतात. तालुक्याचे बाळासाहेब भारदे तेव्हा विधानसभेचे अध्यक्ष. ओट्यावरच्या मंडळींचं मत असं पडतं की आपला माणूस एवढ्या वर बसलाय म्हटल्यावर काळजी नको.

आता परत या. इथून पुढचं तुम्हाला सातबारावरही सापडेल.

धरण झालं. शंभराहून अधिक गावं पाण्याखाली गेली किंवा हलली, सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पाणी पसरलं. त्याचा उपयोग झाला नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२. मराठवाड्यातली शेतं त्यावर भिजतात, छत्रपती संभाजीनगर आणि जालना हे पाणी पितात. शेवगावच्या काठानंही पुढे पंप बसवून ऊस केला. पण ज्या तालुक्यानं गंगथडीची काळी दिली, त्याच्या वरच्या माळांना पाणी देणारी ताजनापूर उपसा योजना वर्षानुवर्षं रखडली, हेही तितकंच खरं.

माझी तक्रार वेगळी आहे. पंचनामे झाले तेव्हा जमीन मोजली, घराचे खण मोजले, विहीर, आंबा, बाभळी मोजल्या. सावडीला रकाना नव्हता. चार घरं एका वसाहतीत गेली, दोन दुसऱ्या तालुक्यात, कुणी कारखान्यावर तोडणीला. नव्या जागी पहिल्या सुगीला कणसं मोडायला बाया रोजानं लावाव्या लागल्या, आणि रोज द्यायला पैसा नव्हता. पैशाची नुकसानभरपाई ज्यांना मिळाली, त्यांचा बराच पैसा अशा कामांत गेला जी गावात कधी पैशानं झालीच नव्हती. महाराष्ट्राचा प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ चा. म्हणजे धरणाचं उद्घाटन आणि हा कायदा एकाच सालातले. घरं त्याच्या कितीतरी आधी उठली होती.

पाणी उतरतं त्या उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या जमिनीवर आजही गाळपेर होते. शेवगाव, नेवासा, पैठण, गंगापूर या पट्ट्यात तुमच्या घरी सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल, तर त्याला गाव कुठे होतं हे विचारत बसू नका, ते नकाशात सापडतं. तुमच्या खळ्यावर कोणाकोणाच्या घरची माणसं यायची आणि कोणाची येऊ दिली जात नव्हती, हे विचारा. नावं लिहून घ्या, आणि ती माणसं आज कुठल्या वसाहतीत आहेत तेही. हे काम याच वर्षी करा. सांगणारे आता फार थोडे उरले आहेत.