रविवारची सुटी

रविवार हा विसाव्याचा दिवस, हें आज इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं, तो कोणाला मागून मिळवावा लागला असेल असें मनांतहि येत नाहीं. १८८१ च्या कारखाना-कायद्यानें मुलांना महिन्याकाठीं चार सुट्या दिल्या. प्रौढ कामगारांना कांहींच दिलें नाहीं.

सप्टेंबर १८८४ मध्यें मुंबईस परळ येथें गिरणी-कामगारांची सभा भरली. ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे हे तिचे पुढारी होते. आठवड्यास एक सुटी, दुपारीं अर्धा तास विश्रांति, वेळच्या वेळीं पगार आणि कामावर जायबंदी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन, अशा मागण्यांच्या अर्जाखालीं साडेपांच हजार सह्या पडल्या. एकट्यानें हें मागितलें असतें, तर दुसरे दिवशीं त्याला फाटक बंद झालें असतें. साडेपांच हजारांना फाटक बंद करावयाचें, तर गिरण्याच बंद ठेवाव्या लागतात. एकजुटीचें बळ तें हेंच.

तरीहि सहा वर्षें लोटलीं. २४ एप्रिल १८९० रोजीं सुमारें दहा हजार कामगारांची सभा झाली; तींत दोन स्त्रियांनींहि भाषणें केलीं. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली आणि पुढच्याच वर्षीं साप्ताहिक सुटी कायद्यांत आली.

पण मुंबईचा कापूस जेथून जाई, त्या वऱ्हाडाचें काय झालें? अमरावती-अकोल्याकडील जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने हंगामी. वर्षांतून चार महिन्यांहून कमी चालणारा कारखाना कायद्याच्या कक्षेबाहेर होता. रेच्यावर कापूस घालणाऱ्या बहुधा शेतमजूर बायका; हंगाम सरला कीं त्या आपापल्या गांवीं पांगत. ज्यांची भेटच चार महिन्यांची, त्यांची संघटना बांधणार कशी? १९११ च्या कायद्यानें हंगामी कारखाने कक्षेंत घेतले व स्त्रियांच्या रात्रपाळीस बंदी केली. परंतु त्या बंदींतून जिनिंग-प्रेसिंगच वगळलें! १९३४ च्या कायद्यानें बारमाही कारखान्यांस आठवड्याचे ५४ तास ठरविले, हंगामी कारखान्यांस मात्र ६०. हा भेद १९४८ च्या कायद्यानें मिटविला.

कापूस एकच, पण तो सुतास लावणाऱ्या हातांना जो न्याय मिळाला, तो सरकी वेगळी करणाऱ्या हातांना मिळावयास कितीतरी वर्षें अधिक लागलीं. कष्ट दोघांचेहि सारखेच होते. एकांना मिळून बोलतां आलें, दुसऱ्यांना तशी संधीच लाभली नाहीं.