सहा किलोमीटरचा टप्पा

एसटीचे भाडे किलोमीटरने नाही, टप्प्याने मोजतात. एक टप्पा सहा किलोमीटरचा. तुम्ही चार किलोमीटर गेलात तरी एका टप्प्याचे पैसे, सात गेलात तर दोन टप्प्यांचे. वाहकाच्या मशीनमधून निघणाऱ्या त्या पातळ कागदामागे एवढे साधे गणित असते. गेल्या काही वर्षांत ते बदललेले नाही, टप्प्याचा दर मात्र बदलला. जून २०१८ मध्ये भाडे १८ टक्क्यांनी वाढले. ऑक्टोबर २०२१ मध्ये आणखी १७.१७ टक्के. जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के. तिन्ही वाढी एकावर एक चढवून पाहा. २०१८ च्या मे महिन्यात ज्या प्रवासाला शंभर रुपये लागत होते, त्याला सात वर्षांच्या आत साधारण १५९ रुपये लागू लागले.

त्याच काळात गाड्या कमी झाल्या. करोनाआधी महामंडळाकडे सुमारे अठरा हजार गाड्या होत्या. नंतरच्या वर्षांत तो आकडा पंधरा हजारांच्या आसपास आला, आणि उरलेल्यांतल्या कितीतरी गाड्यांचे वय झालेले. म्हणजे पैसे जास्त आणि गाडी कमी. याचे उत्तर आपल्याकडे तयार असते. कोणी म्हणते कर्मचारी काम करत नाहीत, कोणी म्हणते पुढारी खातात, कोणी म्हणते सरकारी म्हटले की असेच. यातले प्रत्येक वाक्य थोडेफार खरे असेल. पण इतिहास चाळताना मला वाटू लागले की दुखणे जुने आहे. ते एसटीच्या जन्मपत्रिकेतच लिहिले आहे.

आधी काय होते

एसटी येण्यापूर्वी रस्त्यावर मोटारी नव्हत्या असे नाही. १९२० च्या दशकापासून खासगी मालकांच्या सर्व्हिस मोटारी धावत होत्या. वेळापत्रक असे नव्हतेच. गाडी भरली की सुटायची. दोन मालकांत चुरस लागली की भाडे पडायचे, एकजण थकून बाजूला झाला की दुसरा हवे ते मागायचा. पाऊस लागला, सुगीत माणसे शेतात गेली, की गाडीच बंद. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने या कारभाराला पहिल्यांदा शिस्त लावली. मालकांनी एका भागात एकत्र यावे, ठरल्या थांब्यावर थांबावे, ठरले भाडे घ्यावे, असे बंधन आले.

मराठवाड्याची गोष्ट वेगळी. तो निजामाच्या राज्यात होता, आणि निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्येच सत्तावीस गाड्या घेऊन स्वतःची बससेवा सुरू केली होती. रेल्वे आणि बस एकाच खात्याकडे. रूळ जिथे संपतात तिथून पुढे मोटार, हा विचार त्यामागे होता.

मुंबई प्रांतात सरकारी गाडी आली ती १ जून १९४८ ला. पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते. ‘स्टेट ट्रान्सपोर्ट’ हे नाव लोकांनी ‘एसटी’ करून टाकले. गाडी लाल नव्हती, निळी होती आणि वर चंदेरी. लाकडी सांगाडा, काथ्याच्या गाद्या, तीसेक माणसांची जागा. लाल रंग आणि ॲल्युमिनियमचा सांगाडा १९६० च्या सुमारास आला. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत पोलाद गंजते, म्हणून ॲल्युमिनियम. १९६१ मध्ये मुंबई, मराठवाडा आणि विदर्भ या तीन वेगवेगळ्या सेवा एकत्र येऊन आजचे महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ झाले.

एका कायद्यातल्या दोन आज्ञा

आता त्या जन्मपत्रिकेकडे वळू. आपले एसटी महामंडळ १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली चालते. त्यातले कलम १८ सांगते की महामंडळाने कार्यक्षम, पुरेशी, किफायतशीर आणि नीट सांधलेली सेवा द्यावी. ‘पुरेशी’ या शब्दाकडे लक्ष द्या. पुढे कलम २२ येते. त्यात म्हटले आहे की महामंडळाने आपला कारभार व्यापारी तत्त्वावर करावा.

म्हणजे डोंगरातल्या वाडीला गाडी पाठव, आणि तोटाही करू नकोस. शिवाय भाडे किती घ्यायचे हे महामंडळ एकटे ठरवू शकत नाही, त्याला सरकारी प्राधिकरणाची मंजुरी लागते. भर म्हणून १९५८ चा प्रवासी कर आहे. प्रवासी भाड्यावर साडेसतरा टक्के, हा दर बरीच वर्षे राहिला. एकीकडे सरकार एसटीला लोकसेवा म्हणते आणि दुसरीकडे तिच्या प्रत्येक प्रवाशामागे कर घेते.

मग इतकी वर्षे हे चालले कसे? साध्या युक्तीने. मुंबई-पुणे, पुणे-नाशिक अशा भरलेल्या मार्गांवर जे मिळायचे, त्यातून तालुक्यापासून आत जाणाऱ्या रिकाम्या फेऱ्यांचा खर्च निघायचा. हे शक्य होते, कारण टप्पा वाहतूक, म्हणजे वाटेत माणसे घेत-उतरवत जाणे, हा हक्क बहुतेक राज्यभर एकट्या एसटीचा होता. ‘गाव तिथे एसटी’ ही घोषणा या मक्तेदारीवर उभी होती. शहरातला प्रवासी नकळत खेड्यातल्या प्रवाशाचे अर्धे तिकीट काढत होता.

मुक्कामी गाडी

एसटीच्या भाषेत ‘भारमान’ असा एक शब्द आहे. गाडीतल्या किती जागा भरल्या त्याचे प्रमाण. या हिशेबाने पाहिले तर सगळ्यात वाईट गाडी कुठली? मुक्कामी गाडी.

ती संध्याकाळी तालुक्याहून निघते, शेवटच्या गावी पोचते, चालक-वाहक देवळात किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपतात, आणि पहाटे गाडी परत फिरते. जाताना शेवटचे चार थांबे जवळपास रिकामे, येताना पहिले चार थांबे रिकामे. पण पहाटेच्या त्या फेरीत तालुक्याच्या शाळेत जाणाऱ्या मुली असतात. दवाखान्यात निघालेली म्हातारी असते. बाजाराला निघालेली भाजीची गाठोडी असतात. संध्याकाळी तीच गाडी औषधांची खोकी आणि टपालाची थैली घेऊन येते. मुलींना शाळेसाठी मोफत पास आणि इतर विद्यार्थ्यांना दोन-तृतीयांश सवलत हे सरकारचे चांगले निर्णय आहेत. पण फेरीच नसेल तर खिशातल्या पासाचे काय करायचे?

एसटी फक्त माणसे नेत नव्हती, हे आज विसरायला झाले आहे. टपावर जाळी असायची आणि मागच्या बाजूला शिडी. हमाल त्या शिडीने आंब्याच्या पेट्या, कोंबड्यांची खुराडी, सायकली, लग्नाची भांडी वर चढवायचे. वजन बघून सामानाचे तिकीट. छोट्या शेतकऱ्याकडे ट्रक भरेल एवढा माल कधीच नसतो. दोन पाट्या वांगी असतात. त्या दोन पाट्यांसाठी राज्यभर पसरलेली मालवाहतूक होती, आणि ती प्रवासी गाडीच्या टपावर बसून जात होती. मी पुण्यात शिकायला होते तेव्हा घरचा डबाही असाच यायचा. आई सुतळीने कागदाची चिठ्ठी बांधायची, त्यावर माझे नाव आणि ‘स्वारगेट’. भाकरी वातड झालेली असायची, पण डबा यायचा. माझ्यासारख्या हजारो मुलांचे शिक्षण त्या डब्यांवर झाले आहे.

पुढे टपावरच्या जाळ्या गेल्या, पार्सलचे काम ठेकेदारांकडे गेले, आणि माल हळूहळू खासगी गाड्यांच्या पोटात शिरला. एसटीला याची आठवण झाली ती मे २०२० मध्ये. टाळेबंदीत प्रवासी नव्हते, तेव्हा जुन्या गाड्यांच्या खिडक्या बंद करून, बाके काढून त्यांचे ट्रक केले गेले. कल्पना चांगली होती. पण पूर्ण ट्रक भरून माल देणारा आणि दोन पाट्यावाला हे वेगळे गिऱ्हाईक आहे. पहिल्यासाठी बाजारात शंभर ट्रक उभे असतात, दुसऱ्यासाठी कोणी नसते.

साय कोणी खाल्ली

मक्तेदारी सैल झाली ती १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने, जो १९८९ पासून लागू झाला. परवाने मिळणे सोपे झाले. खासगी ‘ट्रॅव्हल्स’ना कागदोपत्री परवाना कंत्राटी वाहतुकीचा, म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी ठरलेला गट नेण्याचा. प्रत्यक्षात त्या स्टँडच्या बाहेर उभ्या राहून एकेक प्रवासी गोळा करू लागल्या. छोट्या अंतरावर जीप आल्या. पश्चिम महाराष्ट्रात ‘वडाप’, इतरत्र ‘काळी-पिवळी’. या गाड्यांनी लोकांची सोय केली हे नाकारण्यात अर्थ नाही. एसटीची तासभर वाट पाहणाऱ्याला वडाप देवासारखी वाटली. पण त्या फक्त भरलेल्या वेळी, भरलेल्या रस्त्यावर धावतात. दिवाळीत ट्रॅव्हल्सचे भाडे दुप्पट होते, आणि रात्री आठनंतर वाडीकडे वडाप जात नाही. सायीवर त्यांचा हक्क राहिला, ताक एसटीकडे.

यात दोष स्पर्धेचा नाही. दोष असा की ज्या कमाईवर आतल्या फेऱ्या चालत होत्या ती कमाई गेली, आणि तिच्या जागी दुसरा पैसा कोणी ठेवला नाही. वरून इंधनाचा भार. जानेवारी २०१३ मध्ये केंद्राने घाऊक ग्राहकांना डिझेल बाजारभावाने घ्यायला लावले, किरकोळ पंपावर ते स्वस्त राहिले. सर्वांत जास्त डिझेल घेणाऱ्या सार्वजनिक बससेवेला सर्वांत महाग डिझेल! देशातल्या अनेक महामंडळांना आपल्या गाड्या रस्त्यावरच्या पंपांवर रांगेत उभ्या कराव्या लागल्या.

मग चक्र सुरू होते. खर्च भागत नाही म्हणून भाडे वाढते. भाडे वाढले की ज्याला शक्य आहे तो दुचाकी घेतो. भारमान पडते. कमी भारमानाच्या फेऱ्या बंद होतात, आणि त्यात पहिली जाते ती मुक्कामी गाडी. फेऱ्या कमी झाल्या तरी आगार, कार्यशाळा, पगार तेवढेच राहतात, म्हणून प्रत्येक किलोमीटरचा खर्च वाढतो. पुन्हा भाडेवाढ.

या चक्रात वाहक-चालकही भरडले गेले. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ हा संप त्यातूनच झाला. मागणी होती की आम्हाला राज्य सरकारमध्ये विलीन करा. बाहेरून ती अवाजवी वाटली, पण तिच्या मुळाशी एक साधा प्रश्न होता. काम सरकारी धोरणाचे, मग पगार तिकिटाच्या गल्ल्यातून का? विलीनीकरण झाले नाही. मूळ पगारात वाढ मिळाली, आणि उच्च न्यायालयाने दिलेल्या मुदतीत लोक कामावर परतले. त्या महिन्यांत ज्यांच्याकडे दुचाकी नव्हती त्यांनी काय केले, हे कोणत्याही ताळेबंदात आलेले नाही.

पैसे कोणी भरायचे

ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरच्यांना मोफत आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास सुरू झाला. गाड्या पुन्हा भरल्या. माणसे एसटीला कंटाळली नव्हती, त्यांना ती परवडत नव्हती, हे यातून दिसले. सवलतीची रक्कम सरकार महामंडळाला भरून देते. म्हणजे १९५० पासून जे मान्य करायचे टाळले, ते मागच्या दाराने मान्य झाले आहे: ही सेवा तिकिटावर चालू शकत नाही, तिला करातून पैसा लागतो. फक्त तो सवलतीच्या नावाने येतो, आणि उशिरा आला की पगार अडतात. सवलतीमुळे तिकीट स्वस्त होते, पण नवी गाडी येत नाही. भाड्याने घ्यायच्या ५,१५० विजेवरच्या गाड्यांचा करार २०२३ मध्ये झाला, त्याही ठरल्या वेगाने आल्या नाहीत.

२०२५ मध्ये निघालेल्या श्वेतपत्रिकेत एसटीचा संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर दाखवला आहे. आकडा मोठा आहे. पण शाळेचा तोटा आपण कधी काढतो का? प्राथमिक आरोग्य केंद्राचे भारमान कोणी मोजते का? ती शाळा आणि ते केंद्र जिथे आहे तिथे माणसाला पोचवणारी गाडी मात्र नफ्यात हवी असते.

मला वाटते की कलम १८ आणि कलम २२ यांचे हिशेब वेगळे लिहायला हवेत. पुणे-मुंबई व्यापारी तत्त्वावर चालवा, तिथे स्पर्धा होऊ द्या. पण मुक्कामी गाडी, शाळेच्या वेळेची गाडी, बाजारच्या दिवशी दोन पाट्या नेणारी गाडी, यांची फेरीनिहाय यादी करून तिचा खर्च राज्याच्या अर्थसंकल्पात उघडपणे मांडा. मग एखादी फेरी बंद करायची झाली तर आगारातल्या अधिकाऱ्याने फळ्यावरचे नाव पुसून भागणार नाही. विधानसभेत कोणाला तरी उभे राहून सांगावे लागेल की या गावच्या मुलींची गाडी आम्ही बंद करत आहोत.