तळटीप : फुलबॅक

१५ क्रमांकाचा हा खेळाडू रग्बी युनियनमध्ये सर्वांच्या पिछाडीस, सरहद्दीवरील अखेरच्या ठाणेदारासारखा, उभा असतो. उंचावरून येणारा चेंडू झेलणे आणि फळी भेदून निसटलेल्या प्रतिपक्ष्यास एकट्याने अडविणे ही त्याची मुख्य जोखीम. या खेळात वेतन घेणे ऑगस्ट १९९५ पर्यंत निषिद्ध असल्याने, १९९१ साली निवृत्त झालेला फ्रान्सचा सर्ज ब्लांको ९३ कसोटी सामने खेळूनही दप्तरी हौशीच राहिला. आपल्याकडे मुंबईच्या जिमखान्याने हा खेळ जगविला खरा. परंतु २०२५ साली मुंबईत सुरू झालेली व्यावसायिक लीग सात-सात खेळाडूंची, म्हणजे फुलबॅकची जागाच नसलेली. सबब चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानवाटांवर दमसास कमावलेल्या मुलास, तो कितीही चपळ असला तरी, ही चाकरी तूर्त परमुलखातच शोधावी लागेल.