प्रौढ मुरूम : त्वचानिगेतील घटकांची निवड (गोवा)

वयाच्या पंचविशीनंतर टिकून राहणाऱ्या किंवा त्यानंतर प्रथमच उठणाऱ्या मुरमांना प्रौढ मुरूम म्हणतात. ते स्त्रियांत अधिक आढळतात. हनुवटी आणि जबड्याची कड ही त्यांची नेहमीची जागा. घडते ते किशोरवयातल्याप्रमाणेच : अँड्रोजेन संप्रेरकांच्या प्रभावाने तैलग्रंथींचा स्राव वाढतो, रोमकूपाचे तोंड मृत पेशींनी बुजते, आत जीवाणू वाढतात आणि दाह होतो. मात्र या वयात त्वचा औषधाने लवकर कोरडी पडते, आणि गव्हाळ-सावळ्या वर्णावर मुरूम बसला तरी काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. म्हणून झोंबणारा, आग करणारा घटक येथे दुहेरी नुकसान करतो.

गोव्याच्या पेडणे व डिचोली तालुक्यांत निवडीची सुरुवात चेहऱ्याला काय लावावे यापेक्षा काय थांबवावे येथून करणे योग्य. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मि.मी. पाऊस पडतो आणि हवा बहुतेक काळ दमट असते. अशा हवेत घट्ट, तेलकट क्रीम सोसत नाही. जेल किंवा पातळ लोशन बरे. दुसरा प्रश्न खोबरेलाचा. केसांसाठी ते उत्तम आहे, परंतु मुरमे येणाऱ्या चेहऱ्यावर ते रोमकूप बुजवू शकते. केसांच्या तेलकट प्रसाधनांमुळे कपाळावर उठणाऱ्या मुरमांचे वर्णन प्लेविग, फुल्टन व क्लिगमन यांनी १९७० मध्ये केले. चंपी सोडण्याची गरज नाही. तेल न्हाण्याआधी लावावे, कपाळावर ओघळू देऊ नये आणि उशीचा अभ्रा वरचेवर बदलावा. तुये किंवा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रतेलाशी सतत संबंध येणाऱ्या कामगाराला तेलजन्य पुरळ येऊ शकते. तेथे तेलाने माखलेले कपडे बदलणे मलमाइतकेच महत्त्वाचे.

पावसाळ्यात कपाळ, छाती व पाठीवर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुळ्या उठल्या, तर तो मुरूम नसून मॅलॅसेझिया या यीस्टमुळे झालेला रोमकूपदाह असू शकतो. त्यावर बुरशीरोधक औषध लागते. प्रतिजैविकांनी तो वाढतो.

खऱ्या मुरमांसाठी ॲडापलीन ०.१ टक्का जेल हा पाया मानावा. हे रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाच्या गटातले औषध) रोमकूप बुजू देत नाही. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढे सर्वत्र पसरावे. केवळ पुळीवर ठिपका देऊन उपयोग नाही. आरंभी एक दिवसाआड लावावे. परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात, आणि अनेक उपचार याच काळात अधीरतेमुळे सोडले जातात. लाल, पू धरलेल्या पुळ्यांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड : २.५ टक्के हे प्रमाण १० टक्क्यांइतकेच गुणकारी आणि कमी दाहक आहे. त्याने रंगीत टॉवेलाचा रंग उडतो. क्लिंडामायसिन एकटे लावल्यास जीवाणू औषधाला दाद देईनासे होतात. ते बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या जोडीनेच वापरावे. मुरमासोबत डागही असतील तर ॲझेलेइक आम्ल १० ते २० टक्के ही सर्वांत समंजस निवड. सॅलिसिलिक आम्ल (०.५ ते २ टक्के) काळ्या-पांढऱ्या कोंदांवर (ब्लॅकहेड, व्हाइटहेड) चालते, नायसिनामाइड सहायक म्हणून. हे सारे एकाच वेळी लावू नये. दिवसा सनस्क्रीन हवेच, नाहीतर डाग गडद होतात.

सर्वांत मोठा धोका मात्र गोरेपणासाठी विकल्या जाणाऱ्या, स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन व ट्रेटिनॉइन एकत्र असलेल्या क्रीमचा. पहिले काही दिवस चेहरा उजळतो. पुढे त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमे दुणावतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टिरॉइडे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली. तरीही शेजारणीने सुचवलेली ट्यूब घराघरांत पोहोचते. लिंबाचा रस लावून उन्हात जाणेही टाळावे; त्याने भाजल्यासारखे डाग पडतात.

मासिक पाळी अनियमित असणे, चेहऱ्यावर राठ केस येणे, मुरमांच्या खोल गाठी होणे ही तपासणीची कारणे आहेत. पीसीओएस (अंडाशयाशी निगडित संप्रेरक-विकार) असल्यास केवळ मलम पुरत नाही. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे. गरोदरपणात किंवा गर्भधारणेची इच्छा असताना रेटिनॉइडे वर्ज्य. त्या काळात डॉक्टरांच्या सल्ल्याने ॲझेलेइक आम्ल लावता येते.